सूपभर कोंड्याचे मुखरूजी

माणूस निघायच्या आधी त्याचा निरोप समारंभ करू नये. एवढी साधी गोष्ट भद्रावतीच्या पेन्शनर मंडळाला कळावी म्हणून बिचाऱ्या मुखरूजी नाकाड्यांना काय काय भोगावं लागलं!

झालं असं, की मुखरूजींची एकुलती लेक दिव्यानी अमेरिकेत, ओहायोत राहते. ती तिथली नागरिक झाली आणि झाल्या झाल्या तिनं बापाला कायमचं बोलावून घ्यायचा अर्ज टाकला. तिकडं त्या अर्जाला पिटिशन म्हणतात. ‘अर्ज मिळाला’ एवढंच सांगणारा एक कागद तिकडच्या सरकारनं तिला पाठवला, तिनं त्याचा फोटो बापाला पाठवला, आणि बापानं तो कौतुकानं शेजारच्या रामाजींना दाखवला. इथंच सगळं चुकलं. रामाजींचा भाचा दुबईत असल्यामुळे परदेशाच्या बाबतीत अख्ख्या गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा.

“पिटिशन?” रामाजी आधी दचकलेच. “कोनावर केस टाकली जी?”

“केस नाई जी. बोलावनं हाय. पोरीनं बोलावलं.”

मग रामाजींनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल नाकापाशी धरला, कागदाच्या कोपऱ्यातला गरुड निरखून पाहिला आणि निकाल दिला, “झालं जी तुमचं काम! पक्षी आला म्हन्जे झालं. आमच्या भाच्याच्या कागदावर बी पक्षीच व्हता.”

पुढच्याच रविवारी समाजमंदिरात निरोप समारंभ. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. मंडळाला सवय शोकसभांची जास्त, त्यामुळे भाषणं जरा त्याच वळणावर गेली. “मुखरूजी फार मनमिळाऊ होते,” असं एकानं सांगितलं. “आयुध निर्माणीत चार्जमन असताना त्यांनी कोणाला दुखवलं नाही,” असं दुसऱ्यानं सांगितलं. तिसऱ्यानं तर सवयीनं सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला लावलं. अर्धी सभा उठलीसुद्धा. मुखरूजीही उठले.

पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मुखरूजींना फार बरं वाटलं. बायको पंचफुलाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्यांच्याशी सलग इतका वेळ कोणी बोललं नव्हतं. क्रेडिट कार्ड घ्या म्हणून फोन करणाऱ्या मुली असतात ना, त्यांच्याशीसुद्धा मुखरूजी तब्येतीनं बोलत. एकीला तर त्यांनी लाखोरीच्या डाळीचं वरण कसं करतात ते सांगितलं होतं. तीच शेवटी म्हणाली, “सर, मी फोन ठेवू का?” असं असताना चाळीस माणसं समोर बसून आपलंच नाव घेतायत म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही? घरी आले ते तरंगतच. शाल काढून दाखवायला घरात कोणी नव्हतं, म्हणून ती तशीच अंगावर ठेवून ते झोपले.

जायचंच आहे म्हटल्यावर हात सैल सुटला. स्कूटर धाकट्या साळ्याला दिली. डिशचं कनेक्शन तोडलं. कूलर रामाजींना दिला. “तिकडं बर्फच बर्फ हाय जी,” मुखरूजी उदारपणे म्हणाले, “मी कूलर घेऊन काय करू?”

आठवड्यानं दिव्यानीचा फोन आला. “बाबा, अजून दीड वर्ष तरी लागन.”

“मंग पक्षी कायचा आला?”

“कोनता पक्षी, बाबा?”

झालं! आता माणूस बाजारात जाणार की नाही? वांगी निवडताना मागून पहिला आवाज आला, “अरे! मुखरूजी, अजून इथीच?” दुसऱ्या आठवड्यात, “कधी आले जी परत?” तिसऱ्या आठवड्यात लोक विचारीनासेच झाले, नुसते दुःखानं पाहत आणि पुढं जात. मग कळलं, की मुखरूजींची शुगर निघाली म्हणून अमेरिकेनं त्यांना विमानतळावरूनच वापस पाठवलं, अशी बातमी आहे. ज्यांनी शालीसाठी वर्गणी दिली होती त्यांच्या तोंडावर तर स्पष्ट नाराजी दिसे.

मुखरूजी पडले मानी. त्यांनी भद्रावतीचा बाजार सोडला आणि एसटीनं माजरीला जाऊन भाजी आणायला सुरुवात केली. घराचं पुढचं दार लावून मागच्या दारानं ये-जा. दिवा फक्त मागच्या खोलीत. हळूहळू लोकांना वाटलं, गेले वाटतं एकदाचे. दूधवाल्यानं दूध बंद केलं. पोस्टमन पत्रं रामाजींकडे टाकू लागला. स्वतःच्याच घरात मुखरूजी चोरासारखे राहू लागले, आणि चोराची निदान पोलिसांना तरी काळजी असते.

त्यात मे महिना उजाडला. आपल्याकडचा मे म्हणजे काय ते काय सांगायचं! भिंतीला हात लावावा तर भिंतच ओरडेल असं ऊन. मुखरूजी ओली चादर पांघरून पडलेले, आणि पलीकडून त्यांच्याच कूलरचा ओळखीचा घरघर आवाज. रामाजी मनानं वाईट नाहीत. ते भिंतीवरून हाक मारीत, “या ना जी हवेले! तुमचाच कूलर हाय!” मुखरूजी दोनदा गेले. तिसऱ्या वेळी रामाजींनी त्यांना जरा बाजूला सरकायला सांगितलं, कारण हवा नातीला लागत नव्हती. त्यानंतर ते गेले नाहीत.

अशी एक दिवाळी गेली, पुढचा अर्धा उन्हाळा गेला, आणि एकदाची पिटिशन मंजूर झाली. या वेळी मुखरूजींनी रामाजींना कागद दाखवला नाही. आता लागत होते मुखरूजींचे स्वतःचे कागद. पहिला फोटो. गुलाम रसूल यांच्या स्टुडिओत गेले, सांगितलं, अमेरिकेसाठी पाहिजे. गुलाम रसूल म्हणाले, “बेफिकर राहा, मुखरूभाऊ.” आणि मग आपल्या आपुलकीनं त्यांनी मुखरूजींना दोन छटा गोरं केलं, कपाळावरचा तीळ काढला, गालावरच्या सुरकुत्या पुसल्या आणि अंगात निळा कोट-टाय घातला. दिव्यानीनं फोटो पाहिला आणि विचारलं, “बाबा, हे कोन?” गुलाम रसूलभाईंना पुन्हा काढा म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं. “भाऊ, इतका चांगला केला, आता परत जुना करू?”

मग आला जन्माचा दाखला. मुखरूजींचा जन्म चिचटोल्याचा, कुरखेड्याहून आत, मोहाच्या झाडांमधून रस्ता जातो तिथला. ते जन्मले तेव्हा गडचिरोली जिल्हा जन्मलाच नव्हता; सगळा चांदा जिल्हा. महाराष्ट्रही व्हायचा होता. एका कचेरीनं सांगितलं, जुनं दप्तर दुसरीकडे आहे. दुसरीनं सांगितलं, जिल्हा वेगळा झाला तेव्हाच तुमच्या भागाचं दप्तर तिकडं पाठवलं. मुखरूजी त्या दप्तराच्या मागं इकडून तिकडं फिरले. शेवटी एका बाबूला त्यांची दया आली.

“तुमी जन्मले याचा काही पुरावा हाय का?”

“मी उभा हाय ना जी तुमच्यासमोर.”

“ते दिसून राह्यलं. पन जन्मले याचा?”

बाबूनं ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला दिला. त्या दाखल्याकडे मुखरूजी बसमध्ये बराच वेळ पाहत होते. सरकारचं म्हणणं त्यांना अगदीच खोटं वाटेना.

दिव्यानी म्हणाली, हरकत नाही, तुमच्यापेक्षा वयानं मोठ्या, तुमचा जन्म माहीत असलेल्या माणसाचं शपथपत्र चालतं. मुखरूजींनी मनातल्या मनात चिचटोल्याचं एकेक घर तपासलं. बाप गेला, माय गेली, काका गेले, सुईण तर कधीचीच गेली. उरली एक रुखमाबाई. त्यांच्या घरासमोरचं घर. हे जन्मले तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आलेली, लुगडं सावरता न येणारी पोरगी होती.

गेले. म्हातारी अंगणात चिंचा फोडत बसलेली. एवढीशी झालेली, पण नजर धारदार.

“कोन?”

“मी मुखरू. गोपाळाचा.”

“गोपाळाचा कायचा? माहा हायस तू.” तिनं त्यांना नखशिखांत पाहिलं. “म्हातारा दिसून राह्यला रे. आला तं आला, हापशीवरून दोन बकेटा पानी आन.”

चार्जमन म्हणून निवृत्त झालेले, ज्यांच्या हाताखाली पन्नास माणसं होती ते मुखरूजी पाणी आणायला गेले. दुसरी बादली भरताना त्यांच्या लक्षात आलं, की पंचफुलाबाई गेल्यापासून त्यांना कोणी काम सांगितलं नव्हतं.

त्या रात्री लाखोरीचं वरण आणि भात जेवता जेवता रुखमाबाईनं सांगितलं. मुखरूजींनी मायकडून अर्धवट ऐकलं होतं, पण कधी मनावर घेतलं नव्हतं. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा झाल्याबरोबर मायनं त्याला सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि समोरच्या घराला विकून टाकलं. किंमत सूपभर कोंडा. “माह्या सासूनं कोंडा देल्ला आन मी पदरात घेतलं तुले,” रुखमाबाई म्हणाली. “तुही माय मंग तुले दूध पाजे, पन लोकाचं लेकरू म्हनून. यमानं पाह्यलं, या घरात तं याइचं काहीच नाई. गेला बिचारा वापस.”

दुसऱ्या दिवशी दोघं कुरखेड्याला नोटरीकडे. तिथं वेगळीच पंचाईत. आधार कार्डावर रुखमाबाईची जन्मतारीख एक जानेवारी, आणि साल मुखरूजींच्या जन्मानंतरचं. कार्ड काढणाऱ्यानं वय विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, तूच पाहून लाव. त्यानं तिचे काळे केस पाहून लावलं.

“म्हन्जे आजी,” नोटरी म्हणाले, “तुमी स्वतः जन्माच्या आधी याइचा जन्म पाहाले गेल्या?”

“मी समोरच राहत व्हती,” रुखमाबाईनं शांतपणे सांगितलं.

जुन्या मतदार कार्डानं अब्रू राखली. मग तिनं सांगावं आणि टायपिस्टानं टाइप करावं, असं चाललं. मुखरूजींनी नाव, गाव, साल तेवढं पाहिलं. इतके खेटे घातलेल्या माणसाचे डोळे आनंदानं भरून येतात तेव्हा बारीक अक्षरं दिसत नाहीत. अंगठा उमटला, शिक्का बसला, इंग्रजी भाषांतर झालं, कागद ओहायोला गेला.

चार दिवसांनी दिव्यानीचा फोन. आवाज घाबरलेला.

“बाबा, तुमाले विकलं व्हतं?”

“कोन म्हनते?”

“तुमीच पाठवलं ना! ‘सदर इसमास माझ्या सासूने सूपभर कोंड्यास विकत घेतले असून तो आजतागायत आमच्या घरचा आहे.’ इथली वकीलबाई विचारून राह्यली, विक्री कोनी केली, खरेदी कोनी केली, पोलिसात तक्रार हाय का. आन आमच्या घरचा म्हन्जे दत्तक का? तं मंग दत्तकपत्र पाठवा म्हनते.”

मुखरूजी इतक्या जोरानं “दत्तकपत्र?” म्हणाले, की भिंतीपलीकडे रामाजींना ऐकू गेलं आणि ते सल्ला घेऊन हजर झाले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, “कोंडा देल्ला तवा पावती घेतली व्हती का जी?”

पुन्हा चिचटोला. या वेळी मुखरूजी नवा मजकूर लिहून घेऊन गेले होते: सदर इसम गोपाळ नाकाडे यांचा मुलगा, बस्स. रुखमाबाईनं तो त्यांच्याकडून वाचून घेतला आणि अंगठा पदराआड लपवला.

“खोट्यावर आंगठा कसा देऊ? तुले सोडवलंच नाई कोनी.”

आणि ते खरं होतं. असं विकलेलं लेकरू लग्नाच्या आधी सोडवून न्यायचं असतं. तेवढाच कोंडा परत द्यायचा, लुगडं द्यायचं, आणि मग लेकरू पुन्हा आपल्या घरचं होतं. मुखरूजींचं लग्न झालं निर्माणीच्या वसाहतीत, सासऱ्याच्या सोयीनं, घाईघाईत. तोवर मायही गेली होती. सोडवण करायची कोणाला आठवलीच नाही. म्हणजे रीतीप्रमाणे आमचे मुखरूजी सदुसष्टाव्या वर्षी अजून समोरच्यांचेच होते.

“मंग सोडवू ना, माय. त्यात काय!”

“आज अमावस्या हाय,” ती म्हणाली.

मुखरूजी थांबले. अमावस्या सरली. लुगडं आणलं कुरखेड्याहून. कोंडा आणायला भाताच्या गिरणीत गेले, तर गिरणीवाला म्हणे सूपभर कोंडा आपण विकत नाही, पोतं घ्या. पोतं बसमध्ये चढवलं. कंडक्टरनं त्याचं तिकीट फाडलं. सगळा रस्ता लोक विचारत होते, “म्हशी किती हायेत जी?” एवढं करून पोचले, तर रुखमाबाईच्या शेजारणीच्या घरी सुतक. मग पाऊस लागला. मग भाताचा रोवणा सुरू झाला. रोवण्याच्या दिवसांत गावात माणूस कुठं असतो! मुखरूजींचे आठवडे चिचटोल्यात जाऊ लागले.

आणि एक गंमत झाली. गंमत म्हणावी की काय, कोण जाणे. रुखमाबाईचा मुलगा नागपूरला. पोळ्याला येतो, पोळ्यानंतर जातो. घरात ती एकटी. पहाटेच ती ओरडे, “उठ रे! सूर्य डोक्यावर आला!” सूर्य कुठं असे? मुखरूजी उठत. कुंपण बांध म्हणे, बांधत. वाकडं बांधलं म्हणे, सोडून पुन्हा बांधत. डोकं ओलं ठेवून फिरले तर ती पदरानं खसाखसा पुसून काढी, आणि हा टक्कल पडलेला माणूस मान खाली घालून मुकाट उभा राही. भद्रावतीत त्यांना झोपेच्या गोळ्या लागत. इथं गोळ्यांची डबी पिशवीतच राहिली.

दिव्यानी विचारी, “बाबा, झालं का?” हे सांगत, “मुहूर्त नाई, बाई.” असं दोन-तीनदा झालं. मग एक दिवस रुखमाबाईच म्हणाली, “रोवना सरला. उद्या करू.”

मुखरूजी पटकन म्हणाले, “उद्या शनवार हाय, माय.”

“मंग परवा.”

“परवा मले कुरखेड्यात काम हाय.”

म्हातारीनं त्यांच्याकडं पाहिलं. दोघंही चिंचा फोडत राहिले.

त्या आठवड्यात दिव्यानीचा फोन आला तो नेहमीसारखा नव्हता. मुखरूजी शाळेच्या ओट्यावर उभे. गावात रेंज येते ती तेवढ्याच जागी. “बाबा, एक खरं सांगा,” ती म्हणाली. “तुमाले याचंच नाई ना?” मग बराच वेळ नुसता नाक ओढल्याचा आवाज. “इथी मले दिवे म्हनून हाक मारनारं कोनी नाई, बाबा. आई गेली. तुमी बी नाई. पोरगं मराठी बोलत नाई. मी घरी आली की घर असं शांत असते… मले वाटे, तुमी येसान, ओट्यावर बसून रेडिओ लावसान. मी वाट पाहून पाहून थकली.”

शांत घर म्हणजे काय ते या पृथ्वीवर कोणाला ठाऊक असेल तर त्यांना. आपण इथं कोणाचं तरी लेकरू होऊन मजेत कुंपण बांधतोय आणि आपलं लेकरू तिकडं तसल्याच घरात बसलंय, या विचारानं त्यांना स्वतःची लाज वाटली. “उद्या,” ते म्हणाले. “उद्या नक्की, दिवे. तू तिकडच्या सकाळी फोनवर राह्य.” कशाला राहायचं ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं, एकट्यानं हे करायचा धीर होत नव्हता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या ओट्यासमोर अर्धं गाव जमलं. रुखमाबाई अंघोळ करून, नवं लुगडं नेसून आलेली. समोर कोंड्यानं भरलेलं सूप आणि शेजारी एक रिकामं सूप.

“यात बसू का?” मुखरूजींनी विचारलं.

“बसला तं सूप मोडन. पाय ठेव नुसता.”

मुखरूजींनी सुपात उजवा पाय ठेवला. पोरं फिदीफिदी हसली. रुखमाबाईनं कोंड्याचं सूप उचलून आपल्या बाजूला ओढलं, मुखरूजींचा हात धरला आणि मोठ्यानं म्हणाली, “सूपभर कोंड्यानं घेतलं व्हतं. सूपभर कोंडा भरून पावला. घ्या जी तुमचं लेकरू!”

आणि थांबली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

“कोनाच्या पदरात घालू रे?”

हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. द्यायचं म्हणजे घ्यायला कोणीतरी लागतं. माय नाही, बाप नाही, भाऊ नाही, बायको नाही. सुपात पाय ठेवून उभ्या असलेल्या मुखरूजींना रडू आवरेना. “माह्याकडचं कोनी नाई, माय,” ते म्हणाले.

“बाबा! बाबा, मी हाय ना!” खिशात चालू ठेवलेल्या मोबाइलमधून आवाज आला.

एकानं मोबाइल काढून रुखमाबाईसमोर धरला. पडद्यावर दिव्यानी, गाडीत बसलेली, ऑफिसला निघालेली, गळ्यात बिल्ला. रुखमाबाईनं तिला वरून खालून पाहिलं. “तू पोरगी का याची? पदर कुठी हाय तुहा?” पदर नव्हता, ओढणीही नव्हती. दिव्यानीनं घाईघाईनं अंगातला कोट काढला आणि दोन्ही हातांवर पसरून पुढं धरला.

“घेतं का तू तुह्या बापाले?”

आणि चित्र थांबलं. रेंज गेली. पडद्यावर दिव्यानी तशीच, कोट पसरून, तोंड अर्धं उघडं. कोणी हललं नाही. मुखरूजींचा पाय सुपात अवघडला, तरी त्यांनी काढला नाही. एक जण मोबाइल डोक्यावर धरून ओट्याच्या कोपऱ्यात चढला. मग खरखर झाली आणि आवाज आला, “घेतलं, आजी. घेतलं.”

रुखमाबाईनं मुखरूजींचा हात सोडला. टाळ्या वाजल्या, गूळ वाटला. मुखरूजींनी डोळे पुसले आणि हलक्या मनानं घरी आल्यावर सवयीनं बादली उचलली.

“राहू द्या जी,” रुखमाबाई म्हणाली. “पाव्हन्यानं पानी नाई आनाचं.”

त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. ते हसले. ती हसली नाही. तिनं शेजारून प्लास्टिकची खुर्ची मागवून आणली, पुसली आणि त्यांना बसायला दिली. चहा कपबशीत आला. पहाटे त्यांना कोणी उठवलं नाही. जाग आली तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं आणि ती एकटीच चुलीपाशी बसून होती.

सकाळी कुरखेड्याला जाऊन नव्या कागदावर तिनं अंगठा दिला. दिला तो नीट, दाबून. येताना बसमध्ये मुखरूजी म्हणाले, “माय, तू असं काऊन बोलून राह्यली? मी तोच हाय ना.”

“कसे तोच?” ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. “पोरीनं पदर पसरला, मी देल्लं. आता तुमी तिचे. देल्लेल्या वस्तूवर हक्क सांगू नाई, चांगलं नाई होत.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “जनमभर धान पिकवलं, मोह वेचला, तेंदू तोडला. विकत म्हनून घेतलं ते तेवढंच व्हतं जी.”

दुपारी भद्रावतीला निघायच्या आधी तिनं त्यांना वाढलं. पाट मांडला, ताटाभोवती पाणी फिरवलं, पापड भाजला. मुखरूजी जेवायला बसले. त्यांनी भात मुद्दाम चिवडला, वरणाचा ओघळ मुद्दाम ताटाबाहेर जाऊ दिला, आणि अर्धा भात तसाच टाकून हात मागं घेतला. मग वाट पाहत राहिले. एकदा ओरडली असती, अन्नाची नासाडी करतोस का म्हणाली असती, तरी त्यांचं पोट भरलं असतं.

रुखमाबाईनं ताटाकडं पाहिलं. “झालं असन पोट,” ती हळूच म्हणाली. “राहू द्या. मी कोंबड्याइले टाकून देतो.”

मुखरूजींनी ताट पुन्हा पुढं ओढलं आणि खाली मान घालून सगळा भात संपवला.